मंत्राचा प्रकार ओळखावा कसा, आणि निवडावा कोणता?

करवीरनिवासी (धागाकर्ता):

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एक तरुण माझ्याकडे आला होता. गावाकडच्या उसाच्या जमिनीच्या वाटणीवरून त्याचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे दोन वर्षांपासून बोलणे बंद आहे. कोणीतरी त्याला एका मांत्रिकाकडे नेले. “उच्चाटनाचा प्रयोग करू, भाऊ आपणहून घर सोडेल,” असे सांगून त्या गृहस्थाने मोठी रक्कम मागितली. मी मंत्रशास्त्राचे ग्रंथ वाचतो हे ऐकून तो मला विचारायला आला होता. “काका, उच्चाटन करावे की वशीकरण? यातले कमी पापाचे कोणते?” असा त्याचा प्रश्न होता. त्याला मी तिथल्या तिथे नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

तंत्रग्रंथांत कर्मे सहा सांगितली आहेत. रोग, पीडा आणि भय शमवते ती शांती. दुसऱ्याचे मन आपल्याकडे वळवते ते वश्य किंवा वशीकरण. कोणाची गती, वाणी किंवा बुद्धी रोखते ते स्तंभन. दोघांत वैर पेरते ते विद्वेषण. माणसाला त्याच्या जागेवरून उखडते ते उच्चाटन. आणि प्राण घेते ते मारण. महीधराने 1588 च्या सुमारास काशीत रचलेल्या ‘मंत्रमहोदधी’त या सहाही कर्मांच्या देवता वेगवेगळ्या दिल्या आहेत: शांतीला रती, वश्याला वाणी, स्तंभनाला रमा, विद्वेषणाला ज्येष्ठा, उच्चाटनाला दुर्गा आणि मारणाला काली. मांत्रिक येथवरच वाचतात. त्याच प्रकरणात पुढे ग्रंथकार स्पष्ट बजावतो की, शुभ असो वा अशुभ, जो काम्य कर्मात, म्हणजे इच्छापूर्तीसाठी केलेल्या कर्मात, गुंततो त्याचा मंत्रच त्याचा शत्रू होतो, म्हणून माणसाने त्याच्या मागे लागू नये. प्रयोगाचे तपशील देणाऱ्यानेच हे लिहावे, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

मंत्राचा प्रकार ओळखण्याची रीत मात्र अवघड नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणापासून पाठ आहे. रामरक्षेच्या आरंभी आपण म्हणतो की या स्तोत्रमंत्राचा ऋषी बुधकौशिक, देवता सीतारामचंद्र, छंद अनुष्टुप, शक्ती सीता, कीलक हनुमान, आणि विनियोग, म्हणजे मंत्र योजण्याचा उद्देश, श्रीरामचंद्रांच्या प्रीतीसाठी जप करण्याचा. मंत्र कोणाचा, कोणाला उद्देशून आणि कशासाठी, हे सारे या एका वाक्यात येते. मंत्राचा शेवटही बोलका असतो. शारदातिलकासारख्या ग्रंथांत ‘हुं फट्’ने संपणारे मंत्र पुरुष, ‘स्वाहा’ने संपणारे स्त्री आणि ‘नमः’ने संपणारे नपुंसक मानले आहेत, आणि त्यांची योजनाही वेगवेगळ्या कर्मांसाठी सांगितली आहे. जो मांत्रिक आपल्या मंत्राचा विनियोग सांगू शकत नाही, त्याच्याकडून मंत्र घेऊ नये.

माझे मत असे आहे की, ज्या मंत्राचा परिणाम दुसऱ्या माणसावर त्याच्या नकळत व्हावा अशी अपेक्षा असते, तो कोणत्याही नावाने आला तरी निवडू नये. त्या तरुणासाठी अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील सांमनस्य सूक्त योग्य आहे. त्यात ‘मा भ्राता भ्रातरं द्विक्षन्’, म्हणजे भावाने भावाचा द्वेष करू नये, असे शब्दच आहेत. आपले मत काय?

विवेकवाट:

आपला हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, तरीही मला आपल्या मांडणीचा ठाम विरोध करावा लागत आहे. उच्चाटन वाईट आणि शांती चांगली असे आपण म्हणता, तेव्हा उच्चाटन होऊ शकते हे आपण त्या तरुणाला मान्य करून देता. एकदा तो हे मानू लागला की उद्या त्याच्या घरी म्हैस आटली किंवा मूल आजारी पडले, तर भावानेच काही केले असेल ही भीती त्याच्या मनात शिरणार, आणि मांत्रिकाचा सारा धंदा त्या भीतीवरच चालतो. त्या तरुणाला एवढेच सांगायला हवे होते की शब्द उच्चारून कोणी घर सोडत नाही.

मी जिल्ह्याच्या पश्चिम भागातला आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात साप चावला की माणसाला आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेत आणि मग उरलेल्या वेळात कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. मंत्राने उतरलेल्या विषाच्या कथा सगळ्यांना ठाऊक असत, आणि त्या खोट्याही नसत, कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असे नाही. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर अंगात गेले असेल, तर त्याला प्रतिविषाची लसच लागते. मण्यारीचा दंश तर रात्री झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. माझ्या चुलत्यांना तीच चावली होती. ज्यांनी मंत्र घातला ते सज्जन होते, पैसे घेत नसत, त्यांचा मंत्र आपल्या वर्गवारीप्रमाणे शुद्ध शांतिकर्मच होता, आणि त्यात अडीच तास गेले. चुलते राहिले नाहीत. तेव्हा मंत्राचा प्रकार चांगला असला म्हणजे तो निरुपद्रवी असतो, हे मला मान्य नाही.

नाथांचा_सेवक:

माझा आक्षेप दुसऱ्या बाजूने आहे. करवीरनिवासींनी जे लिहिले ते संस्कृत ग्रंथांतील आहे. आमच्या घरी चार पिढ्यांपासून जे चालत आले ते शाबर मंत्र देशी बोलीतील आहेत. त्यांना ऋषी, छंद, कीलक यांतले काही लागत नाही. गुरूची आण घालून, ‘मेरी भक्ती, गुरु की शक्ती’ म्हणून तो मंत्र सोडला जातो. विनियोग सांगता न येणारा तो लबाड, हा निकष लावला तर खेड्यातला प्रत्येक प्रामाणिक भगत लबाड ठरेल. आणि मंत्र निवडणे हे घेणाऱ्याचे कामच नाही. तो गुरू देतो, माणूस पाहून देतो, आणि पुष्कळदा देतच नाही. माझ्या आजोबांनी माझ्या देखत जितक्यांना मंत्र दिला, त्याहून जास्त लोकांना जेवू घालून परत पाठवले.

दुसरी गोष्ट अशी की, नकळत दुसऱ्यावर योजलेला मंत्र निवडू नये हा आपला नियम घरातल्या पहिल्याच प्रसंगाला टिकत नाही. तान्ह्या मुलाची आई मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून दृष्ट काढते तेव्हा ती मुलाची परवानगी घेत नाही. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी आघाड्याची फांदी अंगावरून फिरवतात तेव्हाही कोणी विचारत नाही. हेही आपण टाकून द्यायला सांगणार आहात काय?

करवीरनिवासी:

दृष्टीचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझा नियम अपुरा होता हेही मान्य आहे. आघाड्याचे उदाहरण आपण दिलेत ते फार मोलाचे आहे, कारण अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात अपामार्गाची, म्हणजे या आघाड्याचीच, अभिचार, म्हणजे दुसऱ्याच्या वाइटासाठी केलेला प्रयोग, पुसून टाकण्यासाठी प्रार्थना केलेली आहे. नियम मी असा सुधारतो: ज्या मंत्राची गोष्ट ज्याच्यावर तो योजला त्याला उद्या मोकळेपणाने सांगता येते, तो निवडावा. आई मुलाला मोठेपणी “तुझी दृष्ट काढत असे” असे सांगते आणि दोघेही हसतात. “तुझे उच्चाटन करत होतो” असे भावाला कोणी सांगू शकणार नाही.

विवेकवाट यांच्या चुलत्यांविषयी वाचून फार वाईट वाटले. ज्या दुखण्यावर औषध आहे तेथे मंत्र उपचाराआधी येता कामा नये, यावर माझा कोणताही वाद नाही, आणि मी हे आधीच लिहायला हवे होते.

न्यायसंकुल_बावडा:

कायद्याची स्थिती थोडक्यात नोंदवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. शिक्षा किमान 6 महिने ते कमाल 7 वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड अशी आहे. कायद्याने मंत्र म्हणण्यावर बंदी घातलेली नाही. पूजा, जप, कीर्तन, प्रदक्षिणा, वारी हे सारे त्याच्या बाहेर आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा मात्र गुन्हा आहे. अमुक माणूस करणी करतो किंवा मंत्राने जनावराचे दूध आटवतो असे जाहीर करून त्याचे जगणे कठीण करणे हाही गुन्हाच आहे. त्या तरुणाकडे मागितलेल्या रकमेचा काही पुरावा असेल तर त्याने पोलीस ठाण्यात जावे.

मंगळवार_पेठेची_लेक:

मी आजवर असे कुठे लिहिलेले नाही, पण येथे उच्चाटन आणि मारण यांचीच चर्चा चालली आहे आणि ज्या प्रकाराने आमचे घर मोडले त्याचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, म्हणून लिहिते. तो प्रकार म्हणजे करणी काढणे.

माझ्या आत्याच्या जावेचे मूल वारंवार आजारी पडत होते. एका जाणत्याला बोलावले. त्याने कोणावरही मंत्र सोडला नाही, तसे तो म्हणालाही नाही. आपण फक्त संरक्षण करतो, असेच त्याने सांगितले. उतारा काढला, लिंबू कापले आणि “घरातलीच बाई आहे, उजव्या हाताला राहते” एवढेच बोलला. आत्या उजव्या हाताच्या खोलीत राहत होती. तिला कोणी मारले नाही किंवा शिवीही दिली नाही. तिच्या हातचे पाणी पिणे बंद झाले, लहान मुलांना तिच्यापासून दूर नेऊ लागले, आणि अकरा वर्षे हे चालले. तिला जग सोडावे लागले नाही, पण घरात राहूनही ती घरातून गेली होती. सहा कर्मांतले उच्चाटन जर काही असेल तर ते मी पाहिलेले आहे, आणि ते संरक्षणाच्या मंत्राने झाले.

म्हणून करवीरनिवासींना माझे सांगणे आहे की, आपण ज्याला शांती म्हणता त्यातून ‘काढणे’ हा प्रकार वेगळा काढा. पीडा शमो, एवढेच म्हणणारा मंत्र एक, आणि ज्याने पाठवली त्याच्याकडे ती परत जावो असे म्हणणारा दुसरा. दुसऱ्याला एक शत्रू लागतो, आणि घरात शत्रू शोधायला बसले की सर्वांत गरीब आणि मूल नसलेली बाईच सापडते.

करवीरनिवासी:

ताई, आपण लिहिलेले मी तीनदा वाचले. ग्रंथांतही हा भेद आहे आणि तो मी वर लिहायला विसरलो, किंवा खरे सांगायचे तर मला तो तेवढा महत्त्वाचा वाटला नव्हता. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडाचे पहिलेच सूक्त कृत्या, म्हणजे कोणी पाठवलेली करणी, परतवण्याचे आहे. कृत्या ज्याने केली त्याच्याचकडे तिने जावे, अशी त्याची मागणी आहे. आजवर मी त्याला शांतीच्या जवळचे मानत होतो. यापुढे मी त्याला अभिचारातच धरेन.

जुने_कोल्हापूर:

येथे एक गोष्ट आठवणे आवश्यक आहे. कोणता मंत्र कोणासाठी निवडावा या एका प्रश्नाने या शहराचा इतिहास बदललेला आहे. 1899 साली कार्तिक स्नानासाठी शाहू महाराज पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदांतील, मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतील, मंत्र म्हणत असल्याचे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले. शूद्रांना पुराणोक्तच चालतात, असे उत्तर मिळाले, आणि तेथून पेटलेले वेदोक्त प्रकरण राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, वतने जप्त होण्यापर्यंत गेले. नदीचे पाणी तेच होते, स्नानही तेच. मंत्राचा प्रकार बदलला आणि त्याबरोबर माणसाची पायरी ठरली. म्हणून ‘गुरू माणूस पाहून मंत्र देतो’ हे नाथांचा_सेवक यांचे विधान मला सहज स्वीकारता येत नाही. त्यांच्या आजोबांविषयी मला आदरच आहे, पण माणूस पाहणाऱ्याने नेमके काय पाहिले, हे विचारण्याचा हक्क मंत्र घेणाऱ्याला असला पाहिजे.

विवेकवाट यांच्यासाठीही एक निरीक्षण देतो. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी पाहिले की शांत खाडीत मासे धरताना तेथील लोक मंत्र वापरत नाहीत, आणि खोल समुद्रात, जेथे जीवाचा धोका आणि मिळकतीची अनिश्चितता असते, तेथे मात्र वापरतात. म्हणजे मंत्र वापरणारा माणूस अडाणी असतो असे नाही. कौशल्य कोठे संपते हे त्याला नेमके ठाऊक असते.

विवेकवाट:

हे निरीक्षण मला मान्य आहे, आणि त्याच आधारे मी पुन्हा त्या तरुणाकडे येतो. त्याचे भांडण खोल समुद्रातले आहे काय? जमिनीचा सातबारा आहे, मोजणी होऊ शकते, वडिलांची कागदपत्रे असतील, तलाठी आहे, न्यायालय आहे. येथे कौशल्य संपलेले नाही, ते अजून वापरलेच गेलेले नाही. अनिश्चित असेल तर एकच गोष्ट, ती म्हणजे भाऊ पुन्हा बोलेल की नाही. तेवढ्यापुरते ते सूक्त कोणी म्हणाले तर मी अडवणार नाही, पण ते एकट्याने, बंद खोलीत, भावाच्या नकळत म्हणू नये. तसे म्हटले तर आपल्याच सुधारलेल्या नियमाप्रमाणे ते वशीकरण होते.

नाथांचा_सेवक:

जुने_कोल्हापूर यांच्या मुद्द्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. मंगळवार पेठेच्या ताईंना मात्र एवढे कळवतो की माझे आजोबा कोणाचेही नाव घेत नसत. कोणी नाव विचारले की उठून जात. ते असे का वागत, याचा अर्थ मला आज लागला.

करवीरनिवासी:

काल संध्याकाळी त्या तरुणाला घरी बोलावले होते. उच्चाटन आणि वशीकरण दोन्ही सोडून दे, असे सांगितले, आणि कारण म्हणून ताईंच्या आत्याची गोष्ट नाव न घेता सांगितली. त्याने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाला, “आमच्यात उजव्या हाताला दादाच राहतो.” सूक्त मी त्याला लिहून दिलेले नाही. रविवारी तो थोरल्या भावाला घेऊन येणार आहे. कागदपत्रे आणायला सांगितली आहेत. सूक्त वाचायचे की नाही, हे दोघे समोर बसल्यावर त्यांनाच विचारीन.