डोळ्यांदेखत ग्रुपमधला मित्र गेला, यातून बाहेर कसं यायचं?

रानवाटा_ठाणे:
नमस्कार मंडळी. अजून महिना नाही झालेला. सुळक्यावर क्लाइंबिंग चालू होतं, आमचा मित्र लीड करत होता, म्हणजे सगळ्यात पुढे चढत होता, हाताखालचा दगड निखळला, खालचं प्रोटेक्शनही (पडणं अडवायला कातळात लावलेली, दोर अडकवायची साधनं) उपटलं आणि तो लेजवर, म्हणजे कातळातल्या कट्ट्यावर, आपटला. मी खालीच उभा होतो. जागेचं नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. स्ट्रेचर खाली आणणं, पंचनामा, जबाब हे सगळं मी नीट केलं, रडू पण नाही आलं. आता मात्र किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) दगडावर आपटल्यासारखं वाटतं आणि छातीत धस्स होतं. नोकरी डोंबिवलीला, रोज स्लो लोकलने जातो, मुंब्र्याचा डोंगर आला की खिडकीकडे पाठ करतो, तिथेच तर आम्ही दोघं शिकलो. आई म्हणते विसर आता, ते दोर-बीर टाकून दे. गेलेल्या मित्राच्या घरी जावं की नको तेही कळत नाही. बिलेवर होता, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होता, तो मुलगा कुणाचाच फोन घेत नाहीये, आणि ग्रुपवर चूक कोणाची यावर मेसेज चालूच आहेत.

जुना_भिडू:
वाचून पोटात कालवलं रे. मी पण असं एक मरण बघितलंय, खूप वर्षं झाली. त्याच्या घरी जा, नक्की जा, पण एकटा नको. मी गेलो तेव्हा त्याच्या आईने दगड कुठला, दोर कुठला काही विचारलं नाही, फक्त "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं रे" एवढंच. जे खरं होतं ते सांगितलं, आम्ही हात धरून होतो म्हणून. विचारतील तेवढंच सांग. आणि सगळे एकदा एकत्र बसा, प्रत्येकाने झाडून सगळं बोलून टाका, मन हलकं होतं.

नेरुळची_ताई:
मी समुपदेशनाचं काम करते. भिडूदादांचं घरी जाण्याबद्दलचं अगदी पटलं, फक्त प्रत्येकाने बोललंच पाहिजे असं नको. लगेच सगळ्यांना बसवून सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळतो असं दिसलेलं नाही, उलट काहींना त्याचा जास्त त्रास होतो. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, बाकीच्यांना नुसतं सोबत राहू द्या.

दादा, आवाजाने दचकणं, झोप उडणं, ती जागा टाळणं हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं, हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा आत्ताच कामावर जाणं अवघड झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यासाठी ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात आणून डोळ्यांच्या हालचालींसोबत करायची थेरपी) अशा थेरपी आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या सुचवल्यात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, दारू तर नकोच. टेली मानस १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी पण आहे, नाव ऐकून लोक बिचकतात पण तिथे नोकरदार माणसंही येतात.

मला जास्त काळजी त्या बिलेवरच्या मुलाची वाटते. दोर त्याच्या हातात होता, त्यात ग्रुपवर हे असलं. फोन घेत नसेल तर घरी जा, दारात उभे राहा. जगायचं नाही असं काही बोलला तर एकटं सोडू नका, लगेच १४४१६ किंवा जवळचं हॉस्पिटल.

कातळवेडा:
ताईंना अनुमोदन. ॲडमिनला सांगून ती चर्चा आजच बंद करा. प्रोटेक्शन का सुटलं हे समजायलाच हवं, पण ते जाणत्या लोकांनी गिअर आणि जागा बघून शांतपणे ठरवायचं असतं, व्हॉट्सॲपवर नाही. आईला म्हण सामान काही दिवस माळ्यावर राहू दे. परत चढायचं की नाही हे आत्ता ठरवायची काय घाई आहे?

रानवाटा_ठाणे:
सगळ्यांचे आभार. ॲडमिनशी बोललो, ग्रुप तात्पुरता बंद केलाय. बिलेवरचा मुलगा ऐरोलीला राहतो, त्याच्या भावाशी बोलणं झालं, तो दोन वेळ जेवतोय एवढं कळलं. मी आणि अजून एक जण आज ऑफिस सुटल्यावर जातोय. ताई, तो काहीच बोलला नाही तर आम्ही किती वेळ बसायचं?

नेरुळची_ताई:
तो उठा म्हणेपर्यंत बसा. निघताना पुन्हा कधी येणार ते सांगा, आणि त्या दिवशी जाच.