जग संपल्यावरचे सिनेमे अंगावर येतात ते न तुटणाऱ्या शॉटमुळे

आडवाट
आल्फोन्सो क्वारोनचा ‘चिल्ड्रेन ऑफ मेन’ (२००६) परवा चौथ्यांदा पाहिला आणि एक मत पक्कं झालं. धूर, पडक्या इमारती, राखाडी रंग हे कुणीही उभं करतं. जीव गुदमरतो तो कॅमेरा कट घ्यायचा थांबतो तेव्हा.

गाडीतला प्रसंग आठवा. २०२७चं ब्रिटन, अठरा वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही. पाच माणसं रानातल्या रस्त्यानं चालली आहेत. थिओ आणि ज्युलियन पिंगपाँगचा चेंडू तोंडानं फुंकून एकमेकांकडे उडवतायत, तोंडानंच झेलतायत, गाडीत हसणं चाललंय. तेवढ्यात एक जळती गाडी येऊन रस्ता अडवते, झाडीतून जमाव धावत सुटतो, मोटरसायकलवरचा माणूस गोळी झाडतो आणि ज्युलियनच्या मानेतून रक्त वाहायला लागतं. गाडी उलटी पळतेय आणि कॅमेरा या सगळ्या वेळात आतच, त्या पाच जणांत सहावा. छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्कीसाठी छतावर खास यंत्रणा बसवली होती आणि कॅमेरा जाताना नटांना वाट देता यावी म्हणून सीटा कलतील अशी सोय केली होती.

कट आला की प्रेक्षकाला श्वास घ्यायला मिळतो. इथे तो मिळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

संकलनघर
साफ असहमत. माझं पोट एडिट टेबलवर चालतं, तेव्हा थोडं रागानं लिहितोय, समजून घ्या.

पहिली गोष्ट, तुमचा तो अखंड शॉट वेगवेगळे तुकडे डिजिटल पद्धतीनं सांधून केलेला आहे. म्हणजे कट आहेत, फक्त दिसत नाहीत.

दुसरी, जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५). संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यासमोर सुमारे ४८० तासांचं चित्रीकरण होतं. त्यातून दोन तासांचा सिनेमा निघाला, त्यात २,७००च्या आसपास कट. एवढी पळापळ असून कोण कुठे आहे हे एकदाही चुकत नाही, कारण महत्त्वाची वस्तू फ्रेमच्या मधोमध ठेवली आहे. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. श्वास तिथेही मिळत नाही बरं का! आणि राखाडी तर अजिबात नाही. नामिबियाची वाळू भगवी, आभाळ गडद निळं. रात्रसुद्धा भर उन्हात शूट करून नंतर निळी केली आहे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२). तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, माणसं जमिनीखाली राहतात. अठ्ठावीस मिनिटांचा हा सिनेमा जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा आहे. एका ठिकाणी झोपलेल्या बाईचे फोटो एकात एक विरघळत जातात, पाखरांचा किलबिलाट वाढत जातो आणि ती डोळे उघडते. सिनेमात फक्त तेवढंच हलतं. बाकी सगळं गोठलेलं. अखंड शॉट घेऊन हे करून दाखवा.

कानसेन
संकलनघर, ‘ला जेते’चं उदाहरण तुम्ही दिलंत आणि पाखरांचा किलबिलाटही तुम्हीच लिहिलात. आवाज काढून टाका, त्या पापण्यांना तितकी धार राहील?

तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) तिघं रुळांवरच्या ट्रॉलीवरून निषिद्ध प्रदेशात जातात. पडद्यावर बराच वेळ नुसती त्यांची डोकी. काही घडत नाही. पण रुळांचा खडखडाट हळूहळू बदलत जातो, आर्तेमिएव यांचा इलेक्ट्रॉनिक आवाज त्यात कधी मिसळला ते कळत नाही. मग तपकिरी चित्र एकदम रंगीत होतं. सरहद्द आपण आधी कानानं ओलांडलेली असते.

आडवाट, तुमच्याच सिनेमात सुरुवातीला कॉफीच्या दुकानात स्फोट होतो आणि थिओच्या कानात शिट्टी वाजत राहते. पुढे ज्युलियन त्याला सांगते की हा कानातल्या पेशी मरतानाचा आवाज आहे, एकदा थांबला की तो सूर पुन्हा कधीच ऐकू येणार नाही. आणि शेवटी पडदा काळा झाल्यावर काय ऐकू येतं? लहान मुलांचा गलका. मला तिथे रडू येतं, दर वेळी.

गच्चीवरून
कानसेन यांना अनुमोदन. डॅनी बॉइलच्या ‘२८ डेज लेटर’मधलं (२००२) रिकामं लंडन मला आधी खोटं वाटायचं. पहाटे थोडा थोडा वेळ रस्ते अडवून, झटपट मांडता येतील अशा लहान डिजिटल कॅमेऱ्यांनी ते टिपलं होतं, म्हणून चित्रही खरबरीत.

मग मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या. मी दादरला राहते. गच्चीत उभी राहिले तर तीन इमारती सोडून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोटात गोळा आला तो रिकामा रस्ता बघून नव्हे, त्या शिट्टीनं.

संकलनघर
हे मात्र लागलं. तरी सिनेमात ती शिट्टी कधी सोडायची, किती वेळ थांबून सोडायची, हे टेबलावरच ठरतं.

आडवाट
काल रात्री गाडीचा प्रसंग आवाज बंद करून पाहिला. कानसेन, अर्धं मान्य. जमावाचे दगड काचेवर आदळतात तरी त्यांना वजन राहत नाही, गोळी तर जवळजवळ निसटूनच जाते. पण शेवट तसाच घशात अडकला. पुढे गाडी अडवणाऱ्या पोलिसांना मारल्यावर गाडी निघून जाते आणि इतका वेळ आत असलेला कॅमेरा या वेळी खाली उतरलेला असतो. आपण प्रेतांपाशी रस्त्यावर उरतो. तिथे कट घेतला असता तर सोडून दिल्यासारखं वाटलंच नसतं.

संकलनघर
गाडी लांब गेल्यावर कट येतोच की! त्यानंतर रानात थांबलेला थिओ बाजूला जाऊन ढसाढसा रडतो. आता तेवढाच कट आवाज लावून पुन्हा बघा आणि इथे येऊन लिहा.