नायक-नायिका फक्त मित्र असू शकतात का? शनिवारच्या चित्रपटावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०३ (सांस्कृतिक समिती)
सर्व सभासदांना नमस्कार. सांगलीच्या विश्रामबागेतील आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये येत्या शनिवारी रात्री साडेआठ वाजता ‘पिकू’ (२०१५) हा चित्रपट दाखवावा, असे समितीने ठरवले आहे. कोणाची हरकत असल्यास कृपया इथेच कळवावी.

सी-३०२ (काका)
चित्रपट उत्तम आहे, त्याविषयी दुमत नाही. मात्र मागच्या बैठकीत तो ‘स्त्री-पुरुषांच्या निखळ मैत्रीचा चित्रपट’ म्हणून सुचवला गेला, ते मला पटत नाही. टॅक्सी कंपनीचा मालक राणा नायिका पिकूला आणि तिच्या वडिलांना घेऊन दिल्लीहून थेट कोलकात्यापर्यंत स्वतः गाडी हाकत जातो, ते काय निव्वळ मैत्रीपोटी? त्या दोघांचे पुढे जुळणार, हे लहान मूलही सांगेल. नायक-नायिका म्हटले की प्रेम आलेच, आणि प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढतो.

बी-२०१ (बाई)
काका, आपल्या मताचा आदर ठेवूनच थोडे सविस्तर लिहिते, कारण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

राणा गाडी चालवायला बसतो तो पिकूवर जीव जडला म्हणून नव्हे, तर तिच्या फटकळपणाला कंटाळलेले त्याचे चालक तिच्याबरोबर जायला तयार नसतात म्हणून. पुढच्या सगळ्या प्रवासात त्या दोघांचे बोलणे होते ते तिच्या वडिलांच्या बद्धकोष्ठतेबद्दल, त्यांच्या हट्टांबद्दल आणि कोलकात्याच्या वडिलोपार्जित घराबद्दल. तो तिच्या वडिलांनाही तोंडावर चार शब्द सुनावतो. जुही चतुर्वेदी यांच्या या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मला यासाठी योग्य वाटतो की त्यांनी दोन प्रौढ माणसांना एकमेकांच्या सहवासात नुसते राहू दिले. त्यांचे पुढे लग्न होईलही. पण पडद्यावर जे दिसते त्यात प्रेमाची कबुली नाही की दोघांचे प्रेमगीत नाही.

शेवटचा प्रसंग शनिवारी सर्वांनी लक्ष देऊन पाहावा. घरासमोर जाळे बांधलेले आहे आणि दोघे बॅडमिंटन खेळत आहेत, एवढेच. याच्या शेजारी ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) ठेवून पाहा. त्यात मैत्रीण बास्केटबॉलमध्ये नायकाला हरवत असते तोवर तिच्याकडे ‘त्या’ नजरेने पाहावे असे त्याला वाटत नाही. ती केस वाढवून, साडी नेसून समोर आली की त्याची नजर बदलते आणि नेमकी तेव्हाच ती खेळात हरते. मैत्री टिकवायची तर तिने पोरासारखे राहावे आणि प्रेम हवे असेल तर खेळ सोडावा, ही अट त्या चित्रपटाने एका पिढीच्या मनावर बिंबवली. मला हे फार खटकते.

१९८९ साली आपल्याकडे ‘मैंने प्यार किया’ आला आणि अमेरिकेत ‘व्हेन हॅरी मेट सॅली’. मुलगा आणि मुलगी मित्र होऊ शकत नाहीत, हे वाक्य दोन्हीकडे पात्रांच्या तोंडी आहे, आणि दोन्ही चित्रपट अखेर तेच खरे करून दाखवतात. यातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. हॅरी आणि सॅली यांनी वेगळे व्हावे, असाच त्या अमेरिकी चित्रपटाचा शेवट आधी योजला होता. दिग्दर्शक रॉब रायनर यांची त्याच सुमारास आपल्या भावी पत्नीशी भेट झाली आणि त्यांनी तो बदलला. म्हणजे लग्नाचा शेवट ही कथेची गरज नव्हती, ती सांगणाऱ्याच्या मनःस्थितीची गरज होती.

ए-२०४ (ताई)
बाईंनी लिहिले ते मला घरच्या अनुभवावरून पटते. माझी मुलगी आणि तिचा वर्गमित्र प्रोजेक्टसाठी पार्किंगमधल्या टेबलावर मोठा ड्रॉइंग पेपर पसरून बसतात. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर हेल्मेट, डबा, पाण्याची बाटली आणि कंपास ठेवलेला असतो. मापावरून दोघांची चांगलीच वादावादी चालते. तरीही ‘तो मुलगा कोण?’ असे मला जिन्यात थांबवून विचारले जाते. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. दोघे एकत्र दिसले की पुढे काय, याचे एकच उत्तर पडद्याने त्यांना वर्षानुवर्षे शिकवले आहे.

डी-४०४ (दादा)
काकांचा एक मुद्दा मात्र मला विचारात घ्यावासा वाटतो. प्रेमाशिवाय नायक-नायिका दाखवताना आपले चित्रपट स्वतःच बिचकतात. ‘क्वीन’मध्ये (२०१४) राणी ॲमस्टरडॅमला परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत राहते आणि ती मैत्री अतिशय सुंदर रंगवली आहे, पण ते मित्र तीन आहेत. एकच असता तर प्रेक्षक निर्धास्त बसला असता का? ‘डिअर जिंदगी’त (२०१६) नायक मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे रुग्णाशी अंतर राखणे हा त्याच्या पेशाचाच नियम ठरतो. दोन्ही चित्रपट मला आवडतात, परंतु मैत्रीला असे कुंपण घालावे लागते, हे खरे आहे.

कुंपणाशिवाय ती दाखवता येते याचे माझ्याकडचे उदाहरण इंग्रजी चित्रपटाचे आहे. ‘पॅसिफिक रिम’मध्ये (२०१३) एक तरुण आणि एक तरुणी मिळून एक अवाढव्य यंत्र चालवतात आणि त्यासाठी त्यांची मने एकमेकांना जोडावी लागतात. इतकी जवळीक असूनही शेवटी ते फक्त कपाळाला कपाळ टेकवतात. दोघांच्या हातात खरेखुरे काम असेल तर त्यांना एकत्र ठेवण्यासाठी प्रेमाची गरज लेखकाला भासत नाही, असे मला वाटते.

बी-२०१ (बाई)
अगदी बरोबर बोललात, दादा. ‘पिकू’त ते काम वडिलांना सांभाळण्याचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक नायिकांना मात्र पटकथेत प्रेम करण्यापलीकडे काही कामच दिलेले नसते. मग मैत्री उभी राहणार कशावर?

सी-३०२ (काका)
सर्वांचे लिखाण दोनदा वाचले. आमच्या पिढीच्या नजरेविषयी थोडे सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्यात स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या होत्या, आणि पुढे कित्येक दशके तीच रीत चालली. जवळच्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांची कीर्तीही स्त्रीभूमिकांचीच. रंगमंचावर स्त्री आणि पुरुष प्रत्यक्ष शेजारी उभे राहू लागले तेच मुळी उशिरा. त्यामुळे शेजारी उभे राहिले म्हणजे ते प्रियकर-प्रेयसी, ही सवय आमच्या डोळ्यांत खोल मुरलेली आहे. ताईंच्या मुलीविषयी जिन्यात प्रश्न विचारले जाऊ नयेत, याबाबत माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

माझी हरकत मी मागे घेतो, राणा आणि पिकूविषयीचे मत मात्र कायम ठेवतो. समितीला एकच विनंती आहे. चित्रपट संपताच, कोणी काही बोलण्याआधी, प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे की या दोघांचे पुढे लग्न होईल की नाही. कॉलेजातील मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात, कारण त्यांचे उत्तर आमच्याहून वेगळे येते का, हे मला पाहायचे आहे.