ओल्ड ट्रॅफर्ड सोडावं का? घरात दोन तट पडलेत, तुमचं मत हवंय

कर्वेनगरची लाल

मार्च 2025 मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने जाहीर केलं की त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला लागूनच एक लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायचं. खर्च दोन अब्ज पौंड, आराखडा नॉर्मन फॉस्टरच्या कंपनीचा, वर तंबूसारखं भलंमोठं आच्छादन. नवं झालं की जुनं पाडणार असंच दिसतंय. तेव्हापासून दादा आमच्याकडे जेवायला आला की हाच विषय. तो म्हणतो, जायलाच हवं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते त्याला समजावता येत नाही.

थोडं मागचं सांगते. 1999 च्या मे महिन्यातली रात्र, दोन वाजत आलेले, चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न म्युनिक एका गोलने पुढे. आजी आतल्या खोलीत झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज बंद. नव्वद मिनिटं भरली तसा दादा टीव्ही घालवायला उठला आणि मी त्याचा शर्ट धरून ठेवला. मग शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्शायरचा, आणि युनायटेड जिंकलं. ओरडायची सोय नव्हती, मी उशी दातात धरली होती. ती मॅच बार्सिलोनात झाली, पण त्या रात्रीपासून या संघाचं घर म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ओल्ड ट्रॅफर्डच आहे.

2019 ला ऑफिसच्या कामासाठी लीड्सला होते, तेव्हा एक दिवस काढून तिथे गेले. मॅच नव्हती, फक्त टूर. बाहेरच्या भिंतीवर म्युनिकचं घड्याळ आहे, त्यावर 6 फेब्रुवारी 1958 ही तारीख. त्या दिवशी युनायटेडचा संघ घेऊन निघालेलं विमान म्युनिकला कोसळलं. त्या अपघातात 23 माणसं गेली, त्यातले आठ खेळाडू. दक्षिण स्टँडखालच्या बोगद्यात त्यांची स्मृती जपलेली आहे. तिथे माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी भिंतीला हात लावला, क्षणभर थांबले आणि पुढे गेले. आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो ना, तसा. घड्याळ काढून दुसरीकडे लावता येईल हो. पण ती भिंत?

ज्यांनी एखादं मैदान सुटताना जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. जावं, की आहे तेच दुरुस्त करावं?

बीम-कॉलम

मी वीस वर्षं इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते, त्यामुळे माझं मत तुमच्या दादाच्या बाजूचं.

ज्या दक्षिण स्टँडबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याच्या पाठीमागून रेल्वेलाइन जाते. म्हणून इतर तिन्ही बाजू वाढत गेल्या आणि ही एक बुटकी राहिली. ती वाढवायची तर रुळांच्या वरून बांधायला लागेल. मे 2024 मध्ये आर्सेनलच्या मॅचला जोराचा पाऊस झाला तेव्हा छपरातून पाण्याचा लोट खाली कोसळत होता, ते तुम्ही पाहिलंच असेल. 1910 चं मैदान, 1941 च्या बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा उभं केलेलं, आणि मग दर दहा-वीस वर्षांनी एकेक तुकडा जोडलेला. अशा वास्तूत माणसं आत असताना मोठी दुरुस्ती करणं फार जिकिरीचं असतं. आमच्या एरंडवण्यातल्या जुन्या इमारतीत आम्ही तोच हट्ट केला होता. तीन वर्षं जिन्यात परांच्या होत्या आणि शेवटी इमारत पाडायलाच लागली. बार्सिलोनाने जागा न सोडता कँप नोऊ नवं करायला घेतलं, तर 2023 पासून दोन मोसमांहून जास्त काळ त्यांना माँजुइकच्या मैदानावर खेळायला लागलं. शेजारी नवं बांधलं तर निदान एक दिवसही बेघर व्हायला लागत नाही.

माझी भीती पैशाची आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसलं. त्यात आता हे. आर्सेनलने 2006 ला जुनं मैदान हायबरी सोडलं, नवं फार तर दहा मिनिटं चालायच्या अंतरावर, तरी 2005 नंतर पुढची मोठी ट्रॉफी थेट 2014 ला आली. मधली सगळी वर्षं चांगले खेळाडू विकत काढली. स्टेडियमचे हप्ते प्रेक्षकाच्या तिकिटातूनच जातात.

नवी पेठ ते वॉल्टन

ताई, तुम्हाला समजावता येत नाही म्हणालात ते मला नीट कळलं. मी दोन मैदानं सुटताना पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं आपलं नेहरू स्टेडियम. 29 फेब्रुवारी 1996, वर्ल्ड कप, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मी आठवीत होतो. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि नवी पेठेतून पंधरा मिनिटांत स्वारगेट. सायकल सारसबागेपाशी लावली. आम्ही गेलो होतो लाराला बघायला. केनिया 166 वर आटोपलं तेव्हा लोक म्हणत होते, लवकर घरी जाऊ. मग लारा विकेटकीपरकडे झेल देऊन गेला आणि वेस्ट इंडिज 93 वर बाद. संध्याकाळी बाबा सायकल हातात धरून चालत होते. चालवलीच नाही. सगळा रस्ता बोलत होते, आणि आमचे बाबा बोलणारे नाहीत.

2012 पासून मोठ्या मॅचेस गहुंज्याला होऊ लागल्या. स्टेडियम देखणं आहे, कुठूनही बसा, खेळ स्वच्छ दिसतो. पण ते एक्स्प्रेसवेच्या कडेला, आमच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. 2023 च्या वर्ल्ड कपला भारत-बांगलादेश मॅच तिथे होती. मी बाबांना तिकिटं काढू का विचारलं. ते म्हणाले, "रात्री परत कसं यायचं रे?" आणि घरीच बघितली. कोहलीचं शतक झालं तेव्हा ते टाळ्या वाजवत होते, एकटेच, हॉलमध्ये.

दुसरं गुडिसन पार्क, लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचं मैदान. 2013 ते 2015 मी कंपनीतर्फे लिव्हरपूलला होतो आणि भाडं परवडलं म्हणून वॉल्टनमध्ये राहिलो. एव्हर्टनशी काही संबंध नव्हता. पण गुडिसन रोडवर एका बाजूला घरांची दारं आणि समोर थेट स्टँडची भिंत. मॅचच्या दिवशी दूध आणायला निघालो तरी गर्दीत सापडायचो. मैदानाच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च अगदी खेटून उभं. तिथे मॅचआधी चहा मिळायचा. शेजारच्या आजोबांनी एकदा जादाचं तिकीट दिलं, बुलन्स रोड स्टँडचं. लाकडी खुर्ची आणि बरोबर समोर खांब. डावीकडचा गोल बघायचा तर मान खांबाच्या अलीकडे, उजवीकडचा तर पलीकडे. आजोबा म्हणाले, त्यांच्या वडिलांनीही याच खांबाआडून मॅचेस पाहिल्या. त्या वडिलांच्या अस्थीही तिथेच, मैदानाच्या कडेला पुरलेल्या. अशा आठशेहून अधिक चाहत्यांच्या अस्थी तिथे आहेत. 2004 मध्ये जागाच उरली नाही म्हणून क्लबने ते थांबवलं.

आता तुम्ही म्हणाल, असं मैदान सोडूच कसं शकतात? मलाही तेच वाटलं होतं. मी आजोबांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं की एव्हर्टन मुळात अॅनफील्डवर खेळायचे. 1892 मध्ये भाड्यावरून जागेचा मालक जॉन हौल्डिंग याच्याशी बिनसलं, ते उठले आणि गुडिसनला आले. रिकाम्या अॅनफील्डसाठी हौल्डिंगने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. म्हणजे हे घरही घर सोडूनच मिळालेलं. युनायटेडचंही तसंच की. 1910 च्या आधी ते क्लेटनला बँक स्ट्रीटवर खेळत. आणि बॉम्ब पडल्यावर 1949 पर्यंत मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर. तिथे एका मॅचला 80 हजारांहून जास्त माणसं आली होती, शेजाऱ्याच्या मैदानावर!

18 मे 2025, रविवार, आपल्याकडे दुपारचे साडेचार. गुडिसनवरची पुरुष संघाची शेवटची मॅच मी बाबांच्या शेजारी बसून लॅपटॉपवर पाहिली. साउदॅम्प्टनवर 2-0, दोन्ही गोल एन्डियायचे. संपल्यावर लोक जागेवरून उठेनात. ऑगस्टमध्ये गोदीतल्या नव्या स्टेडियमवर लीगची पहिली मॅच ब्रायटनशी, तीही 2-0, आणि पहिला गोल परत एन्डियायचाच. मी लगेच आजोबांना फोन लावला. पन्नास हजारांवर माणसं आत, समोर मर्सी नदी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मधे खांब नाही. ते रडत होते, पण जायला नको होतं असं एकदाही म्हणाले नाहीत.

तेव्हा माझं मत: जावं. पण चालत येणाऱ्याला चालत येता आलं पाहिजे. गुडिसन ते गोदी तीनेक किलोमीटर, युनायटेडचं तर भिंतीला भिंत. माझ्या लेखी याला मैदान सोडणं म्हणतच नाहीत. बाबांसाठी नेहरू स्टेडियम सुटलं ते अंतराने.

कर्वेनगरची लाल

तुमचं वाचताना बाबा सायकल हातात धरून चालले तिथे थांबले मी. एकच विचारते, त्या अस्थींचं काय झालं? गुडिसन पाडलं का?

नवी पेठ ते वॉल्टन

नाही पाडलं. आधी पाडायचंच ठरत होतं. मग एव्हर्टनच्या महिला संघाला ते मैदान दिलं, 2025 पासून त्या तिथे खेळतात. आजोबांचे वडील आहेत तिथेच आहेत, आणि वर मॅच चालू असते. युनायटेडने यातून काही घ्यायचं तर हे घ्यावं. पूर्ण मैदान ठेवणं जमणार नसेल तर तो बोगदा आणि हिरवळीचा एक तुकडा तरी.

बालेवाडी पूर्व

मी एफसी पुणे सिटीचा, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या पुण्याच्या फुटबॉल क्लबचा चाहता. 2014 ते 2019, घरची एकही मॅच चुकवली नाही. म्हणून वेगळी बाजू मांडतो.

बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेलं. हिरवळीभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे कॉर्नर घेणारा खेळाडू फार लांब वाटायचा. वेस्ट हॅमचे लोक 2016 ला अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियमवर गेल्यापासून हेच बोलतात, आणि मला ते शब्दन्‌शब्द कळतं. तरी मार्च 2018 मध्ये बंगळुरूविरुद्ध सेमीफायनलचा पहिला टप्पा आमच्याकडे झाला, 0-0, आणि मला त्या रात्री तो ट्रॅक दिसलाच नाही. पुढच्या वर्षी क्लबच बंद पडला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं.

स्टेडियम तिथेच आहे. हायवेवरून जाताना रोज दिसतं. तिथे मी कुणासाठी जाऊ?

म्हणून ताई, क्लब टिकत असेल तर भिंत हलली तरी चालेल असं मला मनापासून वाटतं. फक्त तिकिटाचं बघा. 2024-25 च्या मधेच युनायटेडने उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली, मुलांना आणि ज्येष्ठांनाही सवलत नाही. एक लाख खुर्च्यांत अशीच तिकिटं विकणार असतील, तर तुम्हाला भेटलेले ते म्हातारे गृहस्थ आत कसे येणार?

कर्वेनगरची लाल

काल दादाला हे सगळं वाचून दाखवलं. बालेवाडीचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता, 2018 ची ती मॅच आम्ही दोघांनी उत्तरेकडच्या स्टँडमधून पाहिली होती.

मी शेजारच्या नव्या स्टेडियमला हो म्हटलं. आता आम्ही क्लबला पत्र लिहायला घेतलंय, इंग्रजी दादाचं. दोन मागण्या आहेत. म्युनिकचा बोगदा आहे त्या जागी राहावा, आणि नव्या मैदानात गोलमागचा एक अख्खा स्टँड स्वस्त तिकिटांचा असावा, मुलं आणि ज्येष्ठांसाठी निम्म्या दरात. रेल्वेलाइनलगतचा तेवढा भाग न पाडता ठेवणं शक्य आहे का, हे बीम-कॉलम यांनी सांगितलं तर त्याचा एक परिच्छेद जोडते. रविवारी रात्री पाठवतोय, कुणाला नाव घालायचं असेल तर त्याआधी कळवा.