ऑस्बोर्नचा फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करायचा, की काढून गोटेक बसवायचा?

कोथरूडकर

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या पोर्टेबल संगणकाचा ड्राइव्ह वाचेनासा झाला की तो उपटायचा आणि त्या जागी गोटेक बसवायचा, अशी आता पद्धतच पडली आहे. मला ती पटत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हसारखाच दिसणारा छोटा डबा. मागून फ्लॉपीची ३४ पिनांची केबल, पुढून पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या प्रती फाइल म्हणून ठेवायच्या. संगणकाला वाटतं, खरीच फ्लॉपी फिरते आहे.

माझ्याकडे मामांचा ऑस्बोर्न-१ आहे. मामा तेव्हा कॅलिफोर्नियात होते. हे यंत्र एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आलं. किंमत १७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, मधोमध ५ इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना एकेक सव्वापाच इंची ड्राइव्ह. आराखडा ली फेल्सेनस्टाइन यांचा, कंपनी अ‍ॅडम ऑस्बोर्न यांची. अ‍ॅडम यांचं लहानपण तिरुवन्नामलईत गेलं आणि २००३ मध्ये ते वारले तेही कोडाईकनालला, त्यामुळे हे यंत्र मला कधीच पूर्ण परकं वाटलं नाही.

आता बिघाड. चालू केल्यावर पडद्यावर 'ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला आणि रिटर्न दाबा' असा संदेश येतो. रिटर्न दाबलं की ए चा लाल दिवा लागतो, फ्लॉपी वाचणारं हेड खर्र-खर्र करत मागेपुढे जातं आणि 'बूट एरर', म्हणजे फ्लॉपीवरून संगणक सुरूच होत नाही.

आतापर्यंत केलेलं काम: वीज लावायच्या आधीच पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर बदलला, कारण त्याच्या कवचाला बारीक तडे गेले होते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पट्टा बदलला. मग वेग पाहिला. ड्राइव्हच्या खालच्या पुलीवर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन कडी असतात, एक ५० हर्ट्झचं, एक ६० चं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तिच्या उजेडात ५० चं कडं स्थिर दिसलं की वेग मिनिटाला बरोबर ३०० फेरे. एलईडी दिव्याखाली हे नीट दिसत नाही. माळ्यावरची ट्यूब खाली काढली, स्क्रू ड्रायव्हरने वेग कमीजास्त करणारा पोटेन्शियोमीटर केसभर फिरवला आणि सरकणाऱ्या रेघा हळूहळू थांबल्या. असा क्षण गोटेकमध्ये मिळणार आहे का?

मग ए आणि बी यांची अदलाबदल केली. दोष ड्राइव्हबरोबर सरकला, म्हणजे कंट्रोलर आणि केबल निर्दोष. आता संगणक दुसऱ्या ड्राइव्हवरून बूट होतो. बिघडलेल्याचं हेड जागेवरून हललं असणार. या रविवारी अलाइनमेंट, म्हणजे हेड पुन्हा मूळ जागी बसवायचं म्हणतोय.

डब्यात मामांच्या ११ फ्लॉप्या आहेत. वर्डस्टारमधली पत्रं, सुपरकॅल्कमधले हिशोब. मामा रोमन अक्षरांत मराठी पत्रं लिहीत. एका छापील कागदावर 'ती. ताईस सा. न. वि. वि.' असं सगळं इंग्रजी अक्षरांत आहे. ती ताई म्हणजे माझी आई.

डोंबिवलीकर

असहमत, आणि जोरदार असहमत.

तुम्ही ड्राइव्हच्या बाजूने बोलताय, फ्लॉपीच्या बाजूने कोण बोलणार? फ्लॉपी ड्राइव्हमध्ये हेड चकतीला प्रत्यक्ष घासतं. चाळीस वर्षांत चकतीवरचा तपकिरी लेप धरून ठेवणारं द्रव्य सुटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर बुरशीही धरते. मी एक फ्लॉपी तशीच घातली होती. दहा सेकंदांत बाहेर काढली तर फ्लॉपीच्या खिडकीतून आरपार दिसणारं एक गोल कडं. तेवढा लेप हेडवर येऊन बसला होता. मला ते कळलं नाही, मी दुसरी घातली आणि तिच्यावरही चरा पडला. त्या दोन फ्लॉप्यांवर काय होतं हे आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून माझा नियम: फ्लॉपी आयुष्यात एकदाच वाचायची, तीही ग्रीझवीझलने, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणाऱ्या छोट्या बोर्डाने. तो नुसते बाइट वाचत नाही, चुंबकीय बदलांच्या वेळा नोंदवतो, आणि प्रत्येक ट्रॅकचे (चकतीवरच्या एकेका वर्तुळाचे) अनेक फेरे घेतो. ऑस्बोर्नच्या मूळ फ्लॉप्या एफएम या जुन्या नोंदणी पद्धतीच्या आहेत, पीसीचे बरेच कंट्रोलर त्या वाचतच नाहीत. याला अडचण येत नाही. प्रत घेतली की मूळ फ्लॉपी डब्यात आणि संगणकात गोटेक. गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घातलं की काम फत्ते. ग्रीझवीझल आणि फ्लॅशफ्लॉपी दोन्ही कीर फ्रेझर यांची कामं, दोन्ही खुली. कुठेही भोक पाडावं लागत नाही, मूळ ड्राइव्ह जपून ठेवता येतो.

कोथरूडकर

प्रत घ्यायला माझा विरोध नाहीच. घेणारच आहे. विरोध आहे तो 'मग ड्राइव्हची गरज काय' या पुढच्या वाक्याला.

ऑस्बोर्नच्या एका फ्लॉपीवर ४० ट्रॅक, दर ट्रॅकला २५६ बाइटांचे १० सेक्टर, म्हणजे तुकडे. सिस्टिमचे ट्रॅक आणि डिरेक्टरी वजा केली की हातात उरतात साधारण ९१ किलोबाइट. त्यावर माणसांनी कामाची रीत बसवली: ए मध्ये वर्डस्टार, बी मध्ये आपली पत्रं, बी भरली की ती काढून ड्राइव्हखालच्या खणात ठेवायची आणि नवी घ्यायची. ते खण मुद्दाम त्यासाठीच दिले आहेत. गोटेकमध्ये शेकडो फ्लॉप्या एका पेनड्राइव्हवर येतात आणि ही सगळी रीतच नाहीशी होते.

फ्रीमॉन्टची

कोथरूडकर, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण मी नेमकं तेच केलं आहे ज्याला तुम्ही चूक म्हणताय.

बाबांचा केप्रो-२, ऑस्बोर्नसारखाच जुना पोर्टेबल, आमच्या पलंगाखाली १४ वर्षं होता. दर दिवाळीत 'ड्राइव्ह दुरुस्त करायचा आहे' असं घरात बोललं जायचं. जवळच्या एका दुकानाने दोन महिने ठेवून तसाच परत दिला. शेवटी मी स्वतः गोटेक बसवला, एका दुपारचं काम. आता माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्यावर रोज गोष्टी लिहिते. हिरवी अक्षरं तिला फार आवडतात. आवाज हवा म्हणून मी गोटेकला छोटा स्पीकरही लावला, ट्रॅक बदलला की टिक होतं. तो खोटा आवाज आहे हे मला माहीत आहे आणि तिलाही.

रीत जपायची म्हणता, पण रीत वापरणाऱ्यामुळे जपली जाते. बंद यंत्रात कसली रीत?

ठाण्याचा सर्व्हिसवाला

बाकी वाद नंतर घाला. कोथरूडकर, रविवारी अलाइनमेंटला हात लावू नका!

मी मुंबईत वर्षानुवर्षं ड्राइव्ह दुरुस्तीचं काम केलं. ऑसिलोस्कोप आणि अलाइनमेंटची खास फ्लॉपी घेऊन मांजराच्या डोळ्यांसारखे दोन सारखे फुगे पडद्यावर आणायचे, हे रोजचं. त्यातली एक गोष्ट पहिल्या वर्षी फार महागात पडून शिकलो. या ड्राइव्हमध्ये दोन ट्रॅकमधलं अंतर एक-अठ्ठेचाळीसांश इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. हेड हळूहळू सरकत जातं, पण मालकाला कळत नाही, कारण सरकलेलं हेड स्वतः सरकून लिहिलेलं बरोबर वाचतं. आपण ड्राइव्ह 'नीट' करतो आणि मालकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या फ्लॉप्या त्याच क्षणी वाचता येईनाशा होतात.

तुमचा ए ड्राइव्ह कारखान्यात लिहिलेली बूट फ्लॉपी वाचत नाही. मामांच्या फ्लॉप्या वाचतो का, हे पाहिलंत का? अदलाबदल केलीच आहे, तर आत्ता तो बी म्हणून लागला आहे. चांगल्या ड्राइव्हवरून बूट करा, बिघडलेल्यात मामांची कमी महत्त्वाची फ्लॉपी घाला आणि 'डीआयआर बी:' ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा द्या. घालण्याआधी खिडकीतून बुरशी तपासा, डोंबिवलीकरांचं म्हणणं त्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे.

कोथरूडकर

काका, आत्ताच केलं. हिशोबाची फ्लॉपी घातली. १९ फाइलींची नावं आली. तीच फ्लॉपी चांगल्या ड्राइव्हमध्ये चुका देते.

रविवारचं अलाइनमेंट रद्द. तुम्ही लिहिलं नसतं तर मी माझ्याच हाताने आईची पत्रं बंद करून टाकली असती.

पण डोंबिवलीकर, आता सांगा. 'ड्राइव्ह गेला, गोटेक लावा' हा सल्ला मानून मी तो भंगारात दिला असता, तर या फ्लॉप्या अशा सहज वाचणारा दुसरा ड्राइव्ह मी कुठून आणला असता?

डोंबिवलीकर

भंगारात द्या असं मी म्हटलेलं नाही, वर वाचा. बाकी काकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. मी आजवर नेहमी माझाच एक चांगला ड्राइव्ह घेऊन सगळ्यांच्या फ्लॉप्या वाचत आलो. ज्या आल्या नाहीत त्यांना 'खराब' म्हणून परत दिलं. त्यातल्या काही खराब नसतीलही. त्या लोकांना आता फोन करणार आहे, त्यांचा मूळ ड्राइव्ह असेल तर मागवतो.

तरीही तुमच्या उदाहरणाने सिद्ध होतं ते इतकंच की ड्राइव्ह वाचनासाठी जपावा. रोज वापरावा हे कुठे सिद्ध झालं? माझं मत तेच: प्रत झाली की गोटेक.

ठाण्याचा सर्व्हिसवाला

इथे मात्र मी कोथरूडकरांच्या बाजूचा. डब्यात ठेवलेला ड्राइव्ह जपला जात नाही. रुळांवरचं ग्रीस घट्ट होतं, पट्ट्याला एकाच जागी बाक येतो. महिन्यातून एकदा तरी फिरवावा. पण मूळ फ्लॉपीवर नाही, नव्याने लिहिलेल्या प्रतीवर. ती प्रत ऑस्बोर्नच्याच ड्राइव्हवर लिहा. १.२ एमबीच्या पीसी ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, वापरलेल्या फ्लॉपीवर त्याने लिहिलं की जुन्या लिखाणाची कड बाजूला शिल्लक राहते आणि ४० ट्रॅकवाला ड्राइव्ह गोंधळतो.

फ्रीमॉन्टची

केप्रोचे मूळ ड्राइव्ह माझ्याकडे खोक्यात आहेत. बाबांच्या फ्लॉप्या मी 'वाचल्या जात नाहीत' म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. उद्या खोकं काढते. गोटेक मात्र काढणार नाही, मुलीची गोष्ट अर्धी झाली आहे.

कोथरूडकर

डोंबिवलीकर, रविवारी ग्रीझवीझल घेऊन याल का? बिघडलेल्या ड्राइव्हलाच जोडून सगळ्या ११ वाचू. त्यानंतर तो काकांकडे अलाइनमेंटला. गोटेक माझ्याकडे येणार नाही, हे आताही सांगतो.

डोंबिवलीकर

येतो. सकाळच्या गाडीने, दहाच्या सुमारास. वाद तिथे पुढे चालू.

ठाण्याचा सर्व्हिसवाला

जोडण्याआधी केबलच्या पिना आणि व्होल्टेज मीटरने तपासा, जुन्या पोर्टेबलमध्ये सगळं प्रमाणित असेलच असं धरू नका. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसा, कापूस तपकिरी निघाला तर तिथेच थांबा. आणि पत्रांची फ्लॉपी सगळ्यांत शेवटी घ्या.