वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन राउटरांवर एकच गेटवे कसा चालवावा?

विश्रामबाग, सांगली

नमस्कार. सांगलीतील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य राउटर सिस्कोचा असून त्यावर फायबरची जोडणी आहे. दुसऱ्या पुरवठादाराच्या जोडणीसाठी आता मायक्रोटिकचा राउटर घेतला आहे. सगळ्या संगणकांचा गेटवे (ज्या पत्त्यावरून ते बाहेर जातात तो) १९२.१६८.१०.२, म्हणजे सिस्कोचा स्वतःचा पत्ता आहे. त्यामुळे तो राउटर किंवा त्याची लाइन बंद पडली की प्रत्येक संगणकावर जाऊन गेटवे हाताने बदलावा लागतो आणि तोवर सभासद काउंटरसमोर ताटकळत राहतात. सिस्कोवर एचएसआरपीची, म्हणजे दोन राउटरांनी मिळून एकच गेटवे-पत्ता सांभाळण्याची सोय आहे, पण मायक्रोटिकमध्ये ती सापडत नाही. हे दोन राउटर मिळून एकच गेटवे चालवू शकतील का? आणि अदलाबदल होताना शाखांचे व्हीपीएन (मुख्य कार्यालयाशी इंटरनेटवरून असलेली सुरक्षित जोडणी) टिकेल का?

माणदेशी

एचएसआरपी ही सिस्कोची स्वतःची पद्धत आहे, त्यामुळे ती मायक्रोटिकमध्ये मिळणार नाही. आपल्याला व्हीआरआरपी वापरावे लागेल. तेही हेच काम करते, पण खुले मानक असून दोन्ही राउटरांवर चालते. त्याची तिसरी आवृत्ती २०१० साली आरएफसी ५७९८ मध्ये आली, आणि दोन्हीकडे तीच ठेवावी असा माझा आग्रह आहे. दुसऱ्या आवृत्तीत दोन राउटरांचा जाहिरात-कालावधी (‘मी चालू आहे’ असे किती वेळाने कळवायचे तो) जुळला नाही तर समोरून आलेले पॅकेट टाकून दिले जाते, दोघेही स्वतःला मास्टर, म्हणजे गेटवेचा ताबा असलेला राउटर समजू लागतात आणि जोडणी कधी चालते, कधी चालत नाही. तिसऱ्या आवृत्तीत राखीव राउटर मास्टरचाच कालावधी स्वीकारतो. पासवर्डची सोय मात्र या आवृत्तीत नाही, म्हणून ती दोन्हीकडे शोधत बसू नये.

सिस्कोला १९२.१६८.१०.२ आणि मायक्रोटिकला १९२.१६८.१०.३ हे खरे पत्ते राहू द्या, १९२.१६८.१०.१ हा सामाईक पत्ता ठरवा आणि डीएचसीपीतून (संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेतून) गेटवे म्हणून तोच द्या. व्हीआरआरपीचा गट क्रमांक दोन्हीकडे एकच हवा, उदाहरणार्थ २०. त्याच लॅनवर (कार्यालयातील अंतर्गत नेटवर्कवर) दुसरे कोणते उपकरण तो क्रमांक वापरत नाही याची आधी खात्री करून घ्या, कारण सामाईक मॅक पत्त्याचे (लॅनवर उपकरण ओळखण्याच्या पत्त्याचे) शेवटचे दोन अंक याच क्रमांकावरून ठरतात. मायक्रोटिकच्या व्हीआरआरपी इंटरफेसवर सामाईक पत्ता /३२ असा (म्हणजे तो एकच पत्ता) लिहावा, /२४ असा (म्हणजे सगळे नेटवर्क) नाही. व्हीआरआरपीच्या जाहिराती ज्यावरून जातात त्या आयपी प्रोटोकॉल ११२ आणि २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्याला फायरवॉलमध्ये वाट द्या. ती अडली तरी दोन मास्टर तयार होतात.

आता प्राधान्यक्रमाकडे (ज्याचा आकडा मोठा तो मास्टर) जरा बारकाईने पाहा, कारण बहुतेक मांडण्या इथेच फसतात. व्हीआरआरपी लॅनच्या बाजूचा राउटर जिवंत आहे की नाही एवढेच पाहते. सिस्को चालू असून त्याचे फायबर तुटले असेल, तर तो मास्टर म्हणूनच राहतो आणि सगळे संगणक आपली पॅकेट बंद दाराकडे पाठवत राहतात. म्हणून सिस्कोवर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करणारी (उत्तर येते का ते पाहणारी) तपासणी लावा आणि ती अयशस्वी झाली की प्राधान्य कमी होईल असे करा. त्या पिंगची वाट मात्र फायबरवरूनच जाईल असा स्वतंत्र मार्ग लिहून ठेवावा. सिस्कोला ११० आणि मायक्रोटिकला १०० दिले असून घट १० ची ठेवली, तर दोघेही १०० वर येतात; आणि समान प्राधान्य असलेला राखीव राउटर चालू मास्टरला हटवत नाही. घट किमान २० ठेवा.

कऱ्हाडहून

माणदेशींचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. व्हीपीएनचा मुद्दा राहिला, तो सांगतो. व्हीआरआरपी फक्त गेटवेचा पत्ता हलवते. नॅटच्या (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या) नोंदी आणि व्हीपीएनची चालू सत्रे या दोन वेगळ्या कंपन्यांच्या राउटरांमध्ये एकमेकांकडे जात नाहीत, आणि बाहेरचा पत्ताही बदलतो; त्यामुळे चालू सत्रे तुटणारच. प्रत्येक शाखेकडून व्हीपीएनचे दोन बोगदे (जोडण्या) बांधून ठेवा, एक सिस्कोकडे आणि दुसरा मायक्रोटिककडे, म्हणजे सत्र नव्याने उभे राहायला फार वेळ लागणार नाही.

सिस्को अचानक बंद पडला, तर एक सेकंदाच्या जाहिरातीवर आणि १०० प्राधान्यावर मायक्रोटिक साधारण ३.६ सेकंदांत ताबा घेतो. परतीच्या वेळी मात्र घाई नको. राउटर सुरू होताच त्याची लॅन लगेच जागी होते, पण बाहेरची जोडणी आणि बोगदे अजून तयार नसतात. म्हणून सिस्कोवर ताबा परत घेण्याआधी ६० सेकंदांचा विलंब ठेवा.

चाचणी कामकाज संपल्यावर करा आणि तीन वेगळ्या प्रकारांनी करा: सिस्कोची वीज काढून, फक्त फायबर काढून, आणि फक्त लॅनची केबल काढून. पहिली यशस्वी झाली म्हणून दुसरी होईलच असे नाही.

विश्रामबाग, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. घट २० ची ठेवून सगळी मांडणी केली. वीज काढल्यावर आणि फायबर काढल्यावर, दोन्ही वेळा गेटवे व्यवस्थित सरकला. लॅनच्या केबलची चाचणी रविवारी करणार आहे. दोन्ही राउटर सध्या तळमजल्यावर एकाच यूपीएसवर आहेत, ते चालेल का?

माणदेशी

चालणार नाही. दुसऱ्या राउटरला वेगळा यूपीएस द्या, आणि २०१९ च्या पुरात कार्यालयात पाणी आले असेल तर दोन्ही राउटर, स्विच आणि फायबरचा डबा वरच्या मजल्यावर हलवा. दोन्ही पुरवठादारांच्या तारा एकाच खांबावरून येतात का, तेही रविवारीच पाहून घ्या.