प्रागच्या जुन्या शहरात आई-बाबांसाठी पायी सहल: गाइड कसा निवडावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की आई-बाबा आमच्याकडे बर्लिनला येतायत. त्यांना रेल्वेने प्रागला न्यायचं चाललंय. तिथल्या जुन्या शहरात गाइडबरोबर पायी फिरवतात, त्याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावं.

अडचणी अशा: आईचे गुडघे. सपाटीवर ती आरामात चालते, पण एका जागी उभं राहणं जमत नाही. बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यातून ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, सकाळचा चहासुद्धा पंचांग बघून घेणारे. त्यांना तिथल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरचं १४१० सालचं खगोलीय घड्याळ नीट समजून घ्यायचंय. पुतळे फिरले, वाजवा टाळ्या, चला पुढे, एवढ्यावर त्यांचं भागणार नाही.

'फ्री टूर' खरंच फुकट असते का? की सरळ खासगी गाइड घ्यावा? किल्लाही त्याच दिवशी उरकावा का?

प्रतिसाद १
फुकट नसते हो, शेवटी टिप द्यायचीच असते. गाइड बोलके असतात, पण घोळका मोठा आणि मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही. बाबांसाठी खासगी गाइडच घ्या, दोन तासांचा. आधीच कळवा की दर थांब्यावर बसायला जागा हवी. जुन्या शहराच्या चौकात यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या पुतळ्याभोवती टेकायला मिळतं.

किल्ला त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी २२ नंबरच्या ट्रामने वर जा, म्हणजे चढ वाचेल. चार्ल्स पूल (पायाभरणी १३५७) सकाळी लवकर करा, दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. रस्ते चौकोनी दगडांचे, पाऊस पडला की निसरडे. आईंना जाड तळव्याचे बूट घ्या, नव्या चपला नकोत.

प्रतिसाद २
घड्याळाचं मी सांगतो. बाबांना आवडेल ती गोष्ट तबकडीच्या बाहेरच्या कड्यावर आहे: काळ्या पट्टीवरचे सोनेरी १ ते २४ आकडे. हे जुने बोहेमियन (म्हणजे चेक) तास, सूर्यास्तापासून मोजलेले. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून हे कडंही वर्षभर पुढेमागे होतं. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजायचे, इथे उलटं. आतलं बाजूला सरकवलेलं वर्तुळ राशींचं. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा, तो फिरून कला दाखवतो. तिथीचा अंदाज बाबा स्वतःच काढतील.

तासाच्या ठोक्याला खाली गर्दी होते ती वरच्या खिडकीतल्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) पुतळ्यांसाठी. तबकडी बघायची तर ठोका होऊन गेल्यावर दहा मिनिटांनी या, चौक मोकळा असतो. हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढल्याची कथा गाइड हमखास सांगेल. ती दंतकथा आहे, ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची असते तशी. घड्याळ मुळात कादान्यच्या मिकुलाशने केलं. गाइड निवडताना सरळ विचारा, 'बाहेरचं कडं काय दाखवतं?' उत्तर गोल गोल आलं तर दुसरा बघा.

तिथेच जमिनीत २७ पांढरे क्रूस बसवलेत. १६२१ मध्ये हॅब्सबर्ग राजाविरुद्धच्या बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना त्या जागी मारलं. लोक त्यावर उभे राहून सेल्फी काढतात, काय बोलणार. समोरच्या टिन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा केप्लर त्याच्याकडेच कामाला आला होता, हे मास्तरांना सांगाच. चर्च उघडं असण्याच्या वेळा कमी आहेत, आधी बघून ठेवा. ज्यू वस्ती करणार असाल तर शनिवार टाळा, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) बंद असतात.

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. खासगी गाइडच घेतोय आणि कड्याचा प्रश्न तर विचारणारच. टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे असं वाचलं. तिकीट आधी काढावं की तिथेच मिळतं? आणि वर आईला टेकायला काही आहे का?